श्वास न धरलेला फोटो

धाकट्या जावेला दम लागायचा, पाय सुजायचे. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. शहाद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयातली एक झडप आकसली आहे, मुंबईला ऑपरेशन होतं. पण आधी धुळ्याला छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढा. रक्त मागे तुंबून हृदयाच्या उजव्या कप्प्यावर भार येतो, तो कितपत थकलाय ते बघायला हवं. हृदय डावीकडे असतं एवढंच मला ठाऊक. त्याला स्वतःची उजवी बाजू असते हे तेव्हा कळलं, पण नीट उमगलं नाही.

सासरे सोबत होते. घरातली सून परक्या पुरुषापुढे एकटी कशी उभी करायची, म्हणून ते फोटोच्या खोलीच्या दारातच थांबले.

धुळ्याचे डॉक्टर फोटो बघून म्हणाले, "हृदय फार मोठं झालंय. उजवा कप्पा थकला. ऑपरेशनला उशीर झाला."

सासऱ्यांनी पिशवी उचलली. मला काही सुधरेना. शहाद्याचे म्हणत होते वेळ आहे, आणि ही तर स्वतःच्या पायांनी जिना चढून आली होती. व्हरांड्यात मी तिला खोदून विचारलं, "त्यांनी श्वास भरून धरायला सांगितला, तो धरलास ना?"

"बाबा उभा व्हतात दारमा. त्यासना समोर छाती फुगाडीसन कशी उभी ऱ्हाऊ?"

"येडी शेस का तू?"

सासऱ्यांना एस्टीची वेळ विचारायला पाठवलं आणि आत गेले. डॉक्टर वैतागले. "लग्नाचा फोटो आहे का, पसंत नाही म्हणून दुसरा काढायला?" मी दारातल्या सासऱ्यांचं सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा उजेडासमोर धरला आणि ते म्हणाले, "अर्धवट श्वासात हृदय आडवं पसरतं. आणा तिला."

दुसऱ्या फोटोत हृदय अरुंद दिसलं, पण उजवीकडचा फुगवटा तसाच. मग लाल चष्मा घालून ते बराच वेळ बसले. डोळे अंधाराला सरावायला लागतात म्हणे. नंतर अंधाऱ्या खोलीत तिला एक्स-रेच्या पडद्यामागे उभं करून, तिरकं वळवून हृदय हलताना पाहिलं.

"फोटोत आकार दिसतो, जोर नाही," ते म्हणाले. "ताणलंय, पण आवळतंय बऱ्यापैकी."

"म्हणजे उशीर झाला की नाही?"

"मला वाटतं, नाही. बाकी मुंबईवाले ठरवतील."

वाटतं! एवढ्यावर मुंबई गाठायची?

सासरे परतले. त्यांनी दोन्ही फोटो उन्हात धरले, एकदा हा, एकदा तो.

"यामाईन खरा कोनता?"

पहिला का बिघडला हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? आणि दुसराही पुरता खरा आहे का, ते डॉक्टरांनाच ठाऊक नव्हतं. मी पदर पुढे ओढला आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"मंग मुंबईले जावानं," ते म्हणाले.