वळणावरचा म्हसोबा

तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की मला अजून चैन पडत नाही. निजामाच्या राज्यात तीर्थपुरीकडं सडक काढायची ठरली, तेव्हा मोजणीवाल्यांनी आमच्या विहिरीच्या काठावर चुना लावलेला खुणेचा दगड रोवला. सडक तशीच सरळ गेली असती तर विहीर बुजली असती. सासूबाई दिवसभर अंगणात येरझारा घालत राहिल्या आणि सकाळी बघते तर दगड शेंदरानं लाल. इंजिनेरसाहेब म्हणाला, “ये तो हमारा पत्थर है.” सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, “काल व्हता, साहेब. आता म्हसोबा झालाय.” साहेबानं दगड उपटायला सांगितला, तर मजुरांनी पहारी खाली ठेवून वहाणा काढल्या. साहेब उन्हात बराच वेळ घुटमळला आणि शेवटी त्यानं सडकेची रेघच बाजूनं वाकवली. विहीर वाचली, पुढं आटून बुजलीसुद्धा. वळण मात्र राहिलं, आणि समोरून येणारं दिसत नाही म्हणून उसाच्या गाड्या तिथं उलटतात. आता बसनं तिथून जाताना मी पुढचा दांडा घट्ट धरते, कारण वळण सुखरूप पार पडावं म्हणून ड्रायव्हर ऐन वळणात स्टेअरिंग सोडून त्याच म्हसोबाला दोन्ही हात जोडतो.