मोटर लागली की दिवस सुरू

आधी माझी चूक सांगतो, मग अनुभव. धाकट्या बहिणीला, मालतीला, सासरच्या मारामारीच्या केसमध्ये कोर्टाने जामीन दिला. जामीनदार म्हणून मला उभं राहायचं होतं. पण वाडीच्या सातबाऱ्याला काही होईल या भीतीने मी अकरा महिने टाळत राहिलो... आणि ती आतच राहिली. तिचे फोनही मी उचलले नाहीत.

चमत्काराच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. निर्मळला आमची केळीची वाडी. सकाळी सातला मोटर लावायची, पाणी सोडायचं, एवढंच माझं जग.

शेवटी तुरुंगात भेटायला गेलो, तेही 'जमणार नाही' हे सांगायला. जाळीपलीकडे मालतीशेजारी उभी असलेली एक कैदी बाई ओरडली, "मालूताई, हाच का गं तुझा मोटरवाला?"

मला काही कळेना. मालती म्हणाली, "दादा, आमच्या बराकीत घड्याळ नाही. कोणी कोर्टाच्या तारखा मोजतं, कोणी पोरगं कितवीत गेलं ते. मला आपली मोटर ऐकू येते. ती लागली की माझा दिवस सुरू."

"इथे? एवढ्या लांब?"

"होळीनंतर पाच दिवस लागलीच नाही ना? चहा आला, गिनती झाली, पण दिवस कालचाच. म्हणजे मी पाच दिवस कमीच आत आहे बघ!" आणि हसली.

होळीनंतर मोटर जळाली होती. पाच दिवस वाइंडिंगला होती. हे तिला सांगणार कोण? घरात कुणालाच मी तिच्याशी बोलू देत नव्हतो.

तरी मी काय केलं? जामिनाचं न बोलताच परतलो -- आणि परीक्षा घेतली. मंगळवारी मुद्दाम सव्वादहाला मोटर लावली. कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात जाळीशी येताच ती म्हणाली, "मंगळवारी काय झोपला होतास? इकडे भात वाढायला घेतला आणि माझी अजून पहाटच!"

वारा, भास, योगायोग... सगळं लावून पाहिलं. उत्तर नाही. आज ती घरी आहे. विचारलं तर म्हणते, "ऐकू यायची, एवढंच."

त्या दिवशी मात्र जाळीला कपाळ टेकवून मी म्हणालो, "मालू, माफ कर मला. तुझे अकरा महिने मी खाल्ले, आणि वर हा आठवडा. इथून थेट वकिलाकडे जातो. वाडीचं काय व्हायचं ते होऊ दे."