दोन रायफली, एक पेटी आणि माझे व्याही

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. ब्रिस्टलमध्ये, त्यांच्या स्वतःच्या डायनिंग टेबलावर, मी विहीणबाईंच्या हातचा उपमा खात असताना फसवलं. हे मी घरात अनेकदा सांगितलंय आणि दर वेळी कोणीतरी मधेच हसतं. म्हणून आता लिहून ठेवतो. लिहिणाऱ्याला मधेच तोडता येत नाही.

मी मिल्टन कीन्सला टाइल्स आणि बाथरूमचं सामान विकतो. सुरुवात एका जुन्या व्हॅनमधून केली, आज दोन दुकानं आहेत. या धंद्यात एकच विद्या लागते. समोरच्याला नक्की काय हवंय, ते त्याने तोंड उघडायच्या आत ओळखायचं. आमच्याकडचे बिल्डर माझ्याशी भाव करायचा असला की एकटे येत नाहीत, जोडीने येतात.

बंदुकीचा नाद मला एका शेतकरी गिऱ्हाइकाने लावला. त्याचं बाथरूम करून दिलं, तेव्हा खूश होऊन तो मला शेतावर ससे मारायला घेऊन गेला. मग क्लब, मग पोलीस घरी येऊन बंदुकीचं कपाट तपासून गेले, मग परवान्याचं सर्टिफिकेट. पोलिसाने माझ्या स्वभावाबद्दल बायकोला विचारलं. तिने त्याला बेसनाचा लाडू दिला आणि म्हणाली की आवाज मोठा आहे, बाकी काही नाही. हे पस्तीस वर्षांच्या संसाराचं सर्टिफिकेट मी वेगळं जपून ठेवलंय.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आयुष्यभर इंजिनिअर होते, आता निवृत्त. हळू बोलतात. पेन्सिलीला कायम टोक असतं. त्यांनाही रायफलीचा शौक आहे हे लग्नाच्या बोलणीतच कळलं, आणि मला वाटलं, देवाने ही सोयरीक पोरांसाठी नाही, आम्हा दोघांसाठी जुळवली.

दोन वर्षं आम्ही ठरवत होतो की एकदा स्कॉटलंडच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचं. शेवटी गेल्या ऑक्टोबरमधला एक दिवस मिळाला. एक दिवस आणि एकच हरीण. डोंगरावर नेणाऱ्या वाटाड्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं: या दोघेही, पण गोळी एकच जण झाडेल. कोण, ते सकाळी टार्गेटवर ठरेल. प्रत्येकाने कागदावर तीन गोळ्या मारायच्या, ज्याच्या बरोबर जागी बसतील तो पुढे. विमानातून आलेल्या रायफलीवरच्या दुर्बिणीवर, म्हणजे स्कोपवर, मी विश्वास ठेवत नाही, असंही तो म्हणाला. पाहुणा कितीही मोठा असो, तिकडचा हा रिवाज आहे.

मला ते हरीण हवं होतं. आडपडदा ठेवत नाही. ससे आणि कबुतरं मारून मी कंटाळलो होतो, आणि क्लबमधली मंडळी मला अजून ‘टाइल्सवाला’च म्हणायची.

गाडीने जायचं तर दहा-अकरा तास. माझे गुडघे आणि त्यांची कंबर, म्हणून विमान. आदल्या दिवशी मी रायफल घेऊन ब्रिस्टलला गेलो. दोन रायफली म्हणजे दोन पेट्या, दोन फॉर्म, दोनदा पैसे. मी म्हणालो, एकाच मोठ्या पेटीत दोन्ही ठेवू. ही कल्पना माझीच होती, ते मी नाकारत नाही. व्याह्यांकडे तशी लांब, कडक प्लॅस्टिकची पेटी होतीच. एका कडेला बिजागऱ्या, दुसऱ्या कडेला हँडल आणि मोठ्या कड्या.

दुर्बीण काढून हँडबॅगेत नेऊ, असं मी सुचवलं. ते म्हणाले, एकदा नेम जुळवून घट्ट बसवलेली दुर्बीण काढली की पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागतं. मग त्यांनी पेटीतल्या फोमला पट्टी लावली आणि पाव कापायच्या सुरीने दोन्ही रायफलींचे आकार कापले. रायफलींचे बोल्ट, ज्यांच्याशिवाय गोळी सुटत नाही, ते काढून वेगळ्या सुटकेसमध्ये, काडतुसं कुलपाच्या छोट्या डब्यात. दुर्बिणीच्या दोन्ही तोंडांना टोपणं. शेवटी विहीणबाईंचं लाल नेलपॉलिश मागवलं आणि दुर्बिणीच्या प्रत्येक स्क्रूवरून एकेक बारीक रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर, अर्धी पकडीवर. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. माझ्या रायफलीलाही तितक्याच काळजीने केलं. खोटं कशाला बोलू?

आता जागा. दोन दुर्बिणी मधे एकमेकींवर आपटू नयेत म्हणून एक हँडलच्या कडेला येणार होती, दुसरी बिजागरीच्या कडेला. मी बशी हातात घेऊन बघत होतो. व्याह्यांनी हँडलच्या बाजूवर हात ठेवला आणि अगदी सहज म्हणाले, “ही बाजू माझ्याकडे असू द्या. तुमची बिजागरीकडे ठेवू.”

माझा चमचा थांबला. माणसाला हँडलची बाजू हवी आहे. माणूस इंजिनिअर आहे. मी विचार केला: पेटी हँडलला धरून उचलतात, म्हणजे बिजागरी खाली. जमिनीवर आपटते ती खालची बाजू. वरची बाजू सुरक्षित. वा, व्याहीबुवा.

“मुलाकडच्यांना खाली बसवता होय?” मी म्हणालो.

“तसं नाही हो. माझा स्कोप जुना आहे, नाजूक आहे.”

“माझा काय लोखंडी आहे?”

विहीणबाई आतून म्हणाल्या, “अहो, द्या ना त्यांना. त्यांचा मान आहे.”

व्याह्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक उसासा टाकला. काय उसासा होता! लग्नात मुलीची पाठवणी करतानाही त्यांनी असा टाकला नव्हता. “घ्या,” म्हणाले, “मान तुमचा.” मी माझी रायफल हँडलच्या बाजूला ठेवली आणि आणखी उपमा मागून घेतला.

एअरपोर्टवर सगळं सुरळीत झालं. पोलीसबाईंनी सर्टिफिकेटं पाहिली, नंबर जुळवले, नेलपॉलिशच्या रेघा पाहून हे कोणाचं डोकं म्हणून विचारलं. व्याह्यांनी श्रेय पत्नीला दिलं. असला माणूस आहे. कुलपं लावली, पेटी वेगळ्या पट्ट्यावरून आत गेली.

स्कॉटलंडला, इन्व्हर्नेसच्या विमानतळावर, ती सगळ्या सामानाच्या शेवटी आली, हँडलच्या बाजूवर पालथी. एक कडी चेपली होती. कुठे आपटली, कोणाच्या हातून, देव जाणे.

सकाळी टार्गेट. पहाट धुक्यात होती, पण कागद दिसेपर्यंत ऊन आलं आणि समोरचा डोंगर तांब्याच्या घंगाळासारखा लकाकायला लागला. आधी व्याही रायफल घेऊन पोटावर आडवे झाले. तीन गोळ्या, आणि तिन्ही भोकांवर एक पोहे खायचा चमचा झाकण म्हणून पुरला असता. मग मी. पहिली वीतभर डावीकडे. दुसरी त्याच्या खाली. तिसरी कागदावर सापडलीच नाही.

वाटाड्याने माझी रायफल हातात घेतली. नेलपॉलिशच्या रेघा अखंड होत्या, एकही स्क्रू हललेला नव्हता. मग त्याने दुर्बिणीवरून अंगठा फिरवला, एक डोळा मिटून तिच्या लांबीवर नजर टाकली आणि म्हणाला की नळीच वाकली आहे. ही काही आज डोंगर चढणार नाही.

मी रायफल परत घेऊन स्वतः अंगठा फिरवून पाहिला. तेवढ्यात व्याही जवळ आले आणि स्वतःची रायफल पुढे करून म्हणाले, “माझी घ्या. गोळी तुम्हीच झाडा.”

“दुसऱ्याच्या बंदुकीने शिकार करायला आलो नाही मी,” मी म्हणालो. वाटाड्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि रायफल खांद्याला अडकवली.

मग आम्ही चार तास चाललो, ते पुढे, मी मागे, सँडविचांची पिशवी घेऊन. सांगायला हरकत नाही की दिवस सुंदर होता. मधे एका दलदलीत व्याह्यांचा पाय मांडीपर्यंत गेला, पाय बाहेर आला पण बूट आतच राहिला. तो मी हात घालून काढला. आम्ही दोघं इतके हसलो की वाटाड्याला आम्हाला गप्प करावं लागलं. दुपारी वाऱ्याच्या उलट बाजूने, पोटावर सरपटत, ते एका शिंगाळ्या नरापर्यंत पोचले. एक गोळी. हरणाने मान वर केली आणि ते तिथेच कोसळलं. मी पाहिलेला तो सर्वांत स्वच्छ नेम होता.

परतीच्या सकाळी पेटी भरताना मी म्हणालो, बिजागरीची बाजू माझी. ते लगेच म्हणाले, घ्या. ते लगेच घ्या म्हणणं मला खटकलं. मी फोम बोटांनी चाचपला. हँडलच्या कडेला जेमतेम बोटभर जाडी. बिजागरीकडे चांगली चार बोटं.

“हे असं का?”

“कड्या आतपर्यंत येतात ना, तिथे जास्त बसतच नाही,” व्याही म्हणाले.

“हे तुम्हाला आधी माहीत होतं?”

“कापला मीच.”

“मग हँडलची बाजू मागितलीत कशाला?”

ते टॉवेलची घडी घालत होते. घडी पूर्ण झाली, कडा जुळल्या. मग म्हणाले, “बिजागरीची मागितली असती, तर दिली असतीत का मला?”

हा डाव मी स्वतः गिऱ्हाइकांवर तीस वर्षं खेळत आलोय. न खपणारी टाइल पुढे करायची नसते, तिच्यावर हात ठेवून ‘ही राहू द्या, ही एकाने सांगून ठेवली आहे’ म्हणायचं असतं.

शिंगं आता ब्रिस्टलच्या घरात, जिन्याशेजारी लागली आहेत. माझी सून म्हणते, बाबा, सोडून द्या ना. मुलगा म्हणतो, तुम्हाला कोणीतरी तोडीचं भेटलं. बायको ब्रिस्टलहून फोन आला की तो हसत माझ्या हातात देते. व्याही नवी दुर्बीण घेऊन द्यायला तयार आहेत. मी नको म्हणालोय.

दुर्बिणीचं मला काही नाही. पेटीचंही मी एकवेळ सोडतो. तो सौदा होता, सौद्यात मी हरलो. पण व्याहीबुवा, त्या टार्गेटपाशी सौदा नव्हता. आपल्यात कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणतात, दुसऱ्यांदाही म्हणतात, आणि देणारा तिसऱ्यांदा हातात कोंबतो. तुमच्या घरी मला जिलबीसुद्धा कोणी एकदा विचारून थांबलं नाही. तुम्ही पुण्याचे असलात तरी हे तुम्हाला ठाऊक आहे. मी रागात होतो, अर्ध्या मिनिटात हो म्हणालो असतो, आणि माझा राग किती टिकतो हेही तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या रविवारी तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला येताय. पानं वाढली की विहीणबाईंसमोर, पोरांसमोर मला उत्तर द्या: एकदाच का विचारलंत?