नव्या हिरोचा तिसरा दिवस

पडद्याजवळचं छप्पर कोसळलं तेव्हा टॉकीजचा गेटकीपर आत होता आणि दारात त्याच्या स्टुलावर मी बसले होते.

मी तिथे फुटाणे विकते. त्याला वीस वर्षं पाहिलं, नाव कधी विचारलं नाही. तिकीट फाडून तो प्रत्येकाला म्हणायचा, "जा, बसा आरामात." स्वतः मात्र आत खुर्चीवर बसायचा नाही. "खुर्ची तिकीटवाल्याची हाय, मावशी." पडद्याशेजारच्या भिंतीला टेकून उभ्यानेच सिनेमा पाहायचा.

एका गुप्तहेराचे सिनेमे दर दोन-तीन वर्षांनी यायचे; त्यातला प्रत्येक त्याने असाच पाहिला. यंदा जुन्या हिरोच्या जागी नवा आला, तर हा दारातच बसला.

"कोट तोच, पिस्तूल तेच, माणूस दुसरा. मी नाई पाहत."

तिसऱ्या दिवशी मीच टोचलं, "नवरीवानी काऊन रुसला बे? जा, पाहून ये. दाराशी मी बसते."

"बरं, पाहून येतो तुह्या नव्या जावयाले," म्हणाला. स्टूल पुसून मला दिलं आणि आत गेला.

मागच्या खुर्च्यांवर रोहणा गावचे चौघे बसले होते, ते पळत बाहेर आले. तो भिंतीपाशीच मेला.

ते चौघे वाचले. त्याच्या स्टुलावर बसलेली मी वाचले.