स्टेअरिंगला बांधलेले दोरे

अख्खी गल्ली त्यांना दाजी म्हणायची, पण खरोखर ते दाजी होते एकाच माणसाचे. बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्या गॅरेजात कामाला लागला, दिवसभर ‘दाजी, पाना कुठंय’, ‘दाजी, फोन आलाय’ सुरू झालं आणि हळूहळू गिऱ्हाइकंही त्याच नात्यात येऊन बसली. दाजींनी कुणाला अडवलं नाही. ते मुळात बोलायचेच कमी. त्यांच्या वाटचं बोलणं मेव्हणा करायचा, आणि त्याला ते कधी जड गेलं नाही.

गॅरेज दोन गाड्यांपुरतं. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची पांढरी आकृती रंगवलेली. एखादा पाना जागेवर नसला की फळीच बोंब मारणार. मागच्या खोलीत ताईचं, म्हणजे दाजींच्या बायकोचं, शिवणकाम चाले. मधलं दार उघडंच असे. इकडची हातोडी थांबली की तिकडचं मशीन ऐकू यायचं.

ताईच्या टोपलीतला जाड लाल दोरा दाजींच्या कामाला येई. इंजिन उघडलं की जिथे जिथे नळीचं तोंड उघडं पडेल तिथे ते चिंधी कोंबत, आत नट किंवा धूळ पडू नये म्हणून. एवढं सगळेच मेकॅनिक करतात. दाजी मात्र प्रत्येक चिंधीला लाल दोरा बांधत आणि दोऱ्याचं दुसरं टोक खिडकीतून आत नेऊन स्टेअरिंगला बांधत. काम मोठं असलं की स्टेअरिंगवर नुसता गुंता.

“दाजी, गाडी दुरुस्त करताय की तिची वेणी घालताय?” मेव्हणा विचारायचा.

“चावी फिरवायला बसलो की दोरे हाताला लागतात. मग आठवतं.”

स्टेअरिंग मोकळं झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. मेव्हण्याला हे खूळ वाटायचं. तो कोंबलेल्या चिंध्या नुसत्या लक्षात ठेवायचा आणि त्याचं कधी चुकलंही नव्हतं.

अशात एके दिवशी ड्रायव्हरबाई आल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या. आयुष्यभर बस चालवली, तीही बहुतेक शहराबाहेरच्या घाटात. आता त्यांनी एक पिवळी, दोन सीटची, जुनी पण निगुतीनं ठेवलेली स्पोर्ट्स कार घेतली होती. शेजारच्या सीटवर एक मोठं खोकं, आणि खोक्याला पट्टा लावलेला.

“हा आजचा प्रवासी,” बाई म्हणाल्या. “टर्बोचं किट आहे. बसवून द्या.”

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरचे दोन छोटे पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एकाला फिरवतो, त्याच्याबरोबर दुसरा फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून जोर जास्त. दाजींनी खोक्यावरची चिकटलेली पट्टी वाचली, सर्व गाड्यांना बसेल अशी.

“म्हणजे कुठल्याच गाडीला सरळ बसणार नाही,” ते म्हणाले. “घाई आहे का?”

बाईंनी मग सगळं सांगितलं. वर्षातून एका रविवारी तो घाट रहदारीला बंद करतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात. बाईंचं नाव यंदा घेतलं होतं. पुढच्या वर्षी त्या वयाच्या अटीत बसणार नव्हत्या.

“सगळी नोकरी तो घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढले, दाजी. मागे छोट्या गाड्यांचे भोंगे, आणि बसमधलं कुणीतरी म्हणणार, बाई, जरा हाणा की! एकदाच हाणायचीय. मागे कुणी बसलेलं नसताना.”

दाजींनी खोकं उतरवून घेतलं.

पुढचे काही आठवडे पिवळी गाडी नाक उघडून उभी होती. टर्बोला तेल लागतं, म्हणून तेलाची एक नळी वरून आणली आणि परतीची खाली इंजिनाच्या तळाशी. ही परतीची नळी कुठेही वर चढता कामा नये, तेलानं आपल्या वजनानं खाली यायला हवं. दाजींनी ती तीनदा काढून पुन्हा वाकवली. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला थंड करणारा इंटरकूलर पुढे लावायचा होता. त्याचं तोंड मात्र भलत्याच बाजूला होतं. ते कापून वळवायला दाजींनी तो वेल्डरकडे पाठवला. दोन गल्ल्या पलीकडचा हा वेल्डर दाजींना फार मानायचा. काम झाल्यावर त्यानं तो पुसून, कागदात गुंडाळून स्वतः आणून दिला.

सगळं जोडून झाल्यावर दाजींनी इंधन बंद ठेवून इंजिन नुसतंच फिरवलं. परतीच्या नळीतून तेल वाटीत पडलेलं डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे चावी पूर्ण फिरवली. बाईंना त्यांनी बजावलं, “निघताना तिला आधी गरम होऊ द्या. जोरात चालवून आणलीत तर लगेच बंद करू नका. आतला पंखा लालबुंद असतो. तेल थांबलं की जळतं. जरा बसून राहायचं.”

“शेवटच्या थांब्यावर मी कधी उडी मारून उतरले नाही,” बाई म्हणाल्या.

घाटाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, दाजी आणि बाई मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून आले. बाई उतरल्या त्या हसतच. “काय पळतेय! बसायच्या जागेला चिकटून गेले मी!” मेव्हण्यानं टाळी वाजवली. पायथ्याशी गाडी दाखवून तपासणीचा शिक्का घ्यायला संध्याकाळी पाचपर्यंत वेळ होता. सगळं वेळेत.

दाजी मात्र उतरलेच नाहीत. हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसले होते.

“काटा चढतो आणि थरथरतो,” ते म्हणाले. “एकदा इथे थांबतो, एकदा तिथे.”

“दाजी, काटा नवा आहे. लाजत असेल.”

दाजींनी नळ्यांत हवा भरली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारलं. हवा गळत असती तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही.

“बाहेर जात नाही, म्हणजे आतच कुठेतरी अडतेय,” दाजी म्हणाले. “बाई, गाडी अशी जाणार नाही.”

मेव्हण्याचा चेहरा उतरला. त्यानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. “अहो दाजी, पळतेय की छान! आता खोललीत तर पाचपर्यंत जोडून होणार आहे का? पुढचं वर्ष नाहीये त्यांना!”

“माहीत आहे.”

“मग?”

मागचं मशीन थांबलं होतं. ताई दारात येऊन उभी राहिली होती.

बाईंनी एवढंच विचारलं, “अशीच नेली तर काय होईल?”

“ठाऊक नाही,” दाजी म्हणाले. “ठाऊक असतं तर जा म्हटलं असतं, नाहीतर नको म्हटलं असतं.”

बाईंनी गाडीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मनगटावरचं स्वतःचं घड्याळ काढून ताईच्या हातात दिलं. “खोला मग. मी काय धरू?”

पुढचं बंपर उतरलं. नळ्या निघाल्या. दाजी उघड्या पडलेल्या तोंडात चिंधी कोंबून दोरा बांधत गेले, घाईतही. मेव्हणा दात-ओठ खात होता, पण दोऱ्याचं टोक स्टेअरिंगपर्यंत तोच नेत होता. शेवटी इंटरकूलर निघाला. दाजींनी इंजिनाकडच्या तोंडात बोट घातलं आणि हळूच ओढलं. काळीकुट्ट, पिळवटलेली चिंधी बाहेर आली. दोरा नसलेली.

ती जराशी पुढे सरकली असती तर पायाच्या दाबानं उघडमीट होणाऱ्या हवेच्या झडपेत जाऊन बसली असती. वळणावर बाईंनी पाय उचलला असता आणि झडप मिटलीच नसती, गाडी तशीच धावत राहिली असती. बाईंनी चिंधी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि परत दिली.

मेव्हण्यानं तोवर वेल्डरला फोन लावला होता. “या जरा! काय ठेवलंत आत, बघून जा!”

वेल्डर स्कूटरवर धावत आला. चिंधी त्यानं लगेच ओळखली. “दाजी, धूळ जाऊ नये म्हणून हो. तुमचं बघूनच लावली सवय. आणि वाटेत पडू नये म्हणून चांगली आत दाबली. पण दोरा...”

“अर्धीच शिकवणी घेतलीत की!” मेव्हणा उसळला.

“मेव्हणे,” दाजी म्हणाले. ते मेव्हण्याला अशी हाक मारत तेव्हा तो गप्प होई. “माझ्या दारात आलेलं उघडं तोंड माझं. बोट घालून मी बघायला हवं होतं. स्वच्छ कागदात गुंडाळलेलं बघितलं आणि भुललो.” मग वेल्डरकडे वळून म्हणाले, “आलाच आहात तर डावीकडच्या नळ्यांच्या पट्ट्या आवळा. तुमचा हात चांगला आहे.”

ताईनं आत जाऊन लाल दोऱ्याचं एक अख्खं गुंडाळं आणलं आणि बोलता बोलता वेल्डरच्या खिशात घातलं.

तिघं मिळून जोडत होते, बाई दिवा धरून. शेवटी मेव्हणा चिंध्या काढत, दोरे सोडत गेला. स्टेअरिंग मोकळं दिसत होतं, तरी त्यानं त्यावर गोल हात फिरवून पाहिला. दाजींनी ते पाहिलं. रस्त्यावर एक फेरी झाली. काटा चढला आणि चढला तिथे ठाम उभा राहिला. शिक्का मारणारा माणूस पायथ्याशी टेबल आवरत होता तेव्हा पिवळी गाडी पोचली.

रविवारी मेव्हणा घाटमाथ्यावर जाऊन उभा राहिला. दाजी पायथ्यालाच थांबले, वर चला म्हणून कितीही ओढलं तरी. खालून आवाज आला. तो वळणामागे दबायचा, मग पुन्हा उघड्यावर यायचा, आणि त्यात पंख्याची ती बारीक शीळ. शेवटच्या वळणातून पिवळी गाडी आली ती सरळ डोळ्यांसमोरून निघून गेली. बाईंचा नंबर मधलाच लागला. पण माथ्यावरच्या लोकांनी जी आरोळी ठोकली तशी पहिल्यालाही मिळाली नव्हती.

लोक गाडीभोवती जमले. कुणी दार उघडायला गेलं. बाईंनी आतून पंजा उभा धरला.

“थांबा! मी सांगेपर्यंत दाराला हात लावायचा नाही!”

इंजिन संथ चालू होतं. बाई दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसल्या होत्या. डोळे ओले होते, पण चावीला हात नव्हता.

मेव्हण्याचा फोन वाजला. पलीकडून दाजी. सांगण्यासारखं त्याच्याकडे खूप होतं, वेळ, नंबर, आरोळी, आणि त्यानं तोंड उघडलंही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं फोन बॉनेटजवळ नेऊन तसाच धरला. बराच वेळ.

बाईंनी चावी फिरवली. इंजिन शांत झालं. त्यानं फोन कानाला लावला.

“हं,” दाजी म्हणाले. “आता उतरू द्या त्यांना.”