पांगुळगाड्याचा लाल रंग

लेक पोटात होती तेव्हापासून मी डब्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे ती अक्षरं मला समजायची, आणि दुखणं तेच होतं. दुकानात बाकीच्या आया झाकण उघडून वास घेत, मी बाटली उलटी करून वाचत उभी राही. लेक झाल्यावर घरात आलेल्या भेटींमधली पावडर मी आधी बाजूला काढली, मग उग्र वास मारणारी प्लॅस्टिकची बदकं, मग सुगंधी ओले रुमाल. नवरा अंजनगावच्या शाळेत भूगोल शिकवतो, रोज बसनं जाऊन येतो. एका संध्याकाळी दमून आला, रिकाम्या फळीकडे बघितलं आणि म्हणाला, "आता तिला खेळायला स्टीलच्या वाट्या तेवढ्या राहिल्या." खरंच तेवढ्याच राहिल्या होत्या. ती त्या वाजवत मजेत बसायची.

माझे बाबा अकोल्याला असतात. आई गेल्यापासून एकटेच. ते रंगारी. ट्रकच्या बॉडी बांधायच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. फाळक्यांवरची कमळं, मोर, मालकाच्या लेकरांची नावं, सगळं त्यांच्या हातचं. आमच्या घरातल्या वस्तूही ट्रकच्या उरलेल्या रंगानं रंगलेल्या होत्या. जेवायचे पाट, खिडकीचे गज, माझ्या पाटीची चौकट, सगळं एका लाल रंगाचं. कामावरून आले की ते रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत आणि मग मला उचलत.

लेक धरून उभी राहायला लागली तशी बाबांनी अकोल्यात पांगुळगाडा करायला घेतला. मला काही सांगितलं नाही. एका रविवारी जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन दारात उभे. चादर सोडली तर आत तीन चाकांचा गाडा, धरायला आडवी दांडी, आणि दांडीवर दोन लाकडी पोपट. सगळा गाडा लालभडक, पोपट हिरवे, चाकांना पिवळ्या रेघा. रेघा इतक्या सरळ की पट्टी लावून ओढल्यासारख्या. आता त्यांचा हात थोडा कापतो, तरी.

मी खरं तर त्याच वेळी विचारायला हवं होतं. पण लेकीनं दांडी धरली, गाडा चार बोटं पुढे सरकला, ती घाबरून खाली बसली आणि पुन्हा उठली. बाबा तिच्यापुढे उकिडवे बसून टाळ्या वाजवत मागे मागे सरकत होते. त्या वेळी कोणता रंग वापरला, असं विचारायची मला लाज वाटली. लाकूड आहे, प्लॅस्टिक नाही, एवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

तीनेक आठवड्यांनी तिचं तोंड पुसताना रुमालाला लाल कण लागले. मला आधी रक्तच वाटलं. हिरड्या बघितल्या, ओठ बघितले, कुठे काही नाही. मग गाड्याजवळ गेले. ती उभी राहिली की दांडी बरोबर तिच्या तोंडाशी येत होती. नवे दात शिवशिवत असतील, तिनं दांडीचा मधला भाग आणि एका पोपटाची चोच कुरतडून पार पांढरी केली होती. मी गाडा उचलून गच्चीच्या जिन्यात ठेवला आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, गाड्याले कोणता रंग लावला होता?" त्यांच्याशी बोलताना माझीही बोली बदलते.

"लाल."

"लाल तं दिसून राहिला. डब्बा कोणता होता?"

बाबा खूश झाले. "अवो, आपला कारखान्यातला. बंद झाला तवा चार-पाच डब्बे आणले होते मी. तसा पक्का रंग आता भेटत नाई. उनातान्हात ठिवला तरी चमक जात नाई त्याची."

ती चमक कशामुळे टिकते ते मी दरवर्षी मुलांना शिकवते. जुन्या लाल-पिवळ्या तैलरंगांत शिसं असायचं. मी तसं बाबांना सांगितलं, शक्य तेवढं हळू. लेकरांच्या मेंदूला ते बरं नसतं, नक्की काही माहीत नाही, पण डॉक्टरांना दाखवून घेते, असं मी म्हणाले.

"किती खाल्लं तिनं?" त्यांनी विचारलं.

"चाटलं असंन थोडंसं."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझे सकाळचे तास होते. संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. लेकीला सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या हवाली करून मी कॉलेजात गेले. दुपारी घरी आले तर फाटकाबाहेरूनच खरखर ऐकू आली. व्हरांड्यात बाबा बसलेले. पहिल्या गाडीनं आले होते. जिन्यातला गाडा त्यांनी शोधून काढला होता आणि पॉलिश पेपरनं घासत होते. अर्धा गाडा उघडा झाला होता. फरशीवर, त्यांच्या बनियनवर, भुवयांवर लालसर भुकटी. हातभर अंतरावर माझी लेक मांडी घालून बसली होती आणि त्या भुकटीत बोटानं रेघोट्या ओढत होती.

मी ओरडले. "बाबा, काय करून राहिले तुमी! फेका तो कागद! अक्कल आहे का काही?"

आयुष्यात कधी मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. मावशी आतून धावत आल्या. लेक दचकून रडायला लागली. मी तिला उचलून सरळ न्हाणीघरात नेलं, कपडे काढले, डोक्यावरून पाणी घातलं. चावून पोटात जातं त्याहून ही भुकटी वाईट, ती श्वासातूनही जाते, हे बाबांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी फोनवर सगळं सांगितलं आणि नेमकं तेवढंच राहिलं होतं.

लेकीला मावशींकडे देऊन मी बाहेर आले. बाबा तसेच बसलेले, पॉलिश पेपर हातातच.

"मले वाटलं, घासून टाकतो सगळा," ते म्हणाले. "म्हणजे मंग काई डर नाई."

"चूक माही झाली बाबा. मी सांगतलं नाई."

"मी रंगारी हाय ना वो. मले माहीत पायजे होतं."

मग आम्ही दोघांनी ओल्या फडक्यांनी व्हरांडा पुसला. झाडू मारायचा नाही, भुकटी उडते, असं मी सांगितलं आणि त्यांनी निमूट ऐकलं. दोन वेळा पुसला, तिसऱ्यांदा पुसला. फडकी, गाडा, त्यांचं बनियन, सगळं एका मोठ्या पिशवीत घालून तोंड बांधलं. त्यांनी अंघोळ केली आणि नवऱ्याचा सदरा घातला. तो त्यांना ढगळ होत होता. जेवायला बसले पण भाकरी मोडून नुसतेच बसले. मी पण बसले. आमची दोघांची ताटं तशीच राहिली.

संध्याकाळी बाबाही दवाखान्यात आले. लेकरांच्या डॉक्टर बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घाबरवलं नाही आणि उगाच धीरही दिला नाही. रक्त तपासू, नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो, चार-पाच दिवस लागतील, असं म्हणाल्या. सुई बघून लेक किंचाळायला लागली तेव्हा बाबांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"आदी माह्यं घ्या. तिले दिसू द्या, आबाले काई होत नाई म्हणून."

डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही रंगाचं काम किती वर्षं केलंत?"

"पोट्टा होतो तवापासून."

"हात धुवायला काय वापरायचात?"

"रॉकेल. नाईतं थिनर."

"कारखान्यात जेवायचात कुठे?"

"तठीच. ट्रकच्या सावलीत."

"मग तुमचंही खरोखरच तपासू," त्या म्हणाल्या. "नुसतं हिला दाखवायला नाही."

ते चार दिवस मी बाहेरून ठीकच होते. तास घेतले, स्वयंपाक केला. पण मी वाटीखाली लपवलेला चमचा लेकीनं शोधला नाही की मला वाटायचं, मागच्या आठवड्यात तर शोधत होती. रात्रीतून मंद झाली का? मग ती दुसऱ्याच वाटीखालून चमचा काढून हसायची. नवऱ्यानं एकदाच सांगितलं, "तू तिची परीक्षा घेऊन राहिली. सोड." तेव्हापासून मी चमचा लपवणं बंद केलं. बाबा अकोल्याला परतले नव्हते. दिवसभर ते व्हरांड्यात खुर्चीवर बसत. लेक त्यांच्याकडे झेपावली तरी आधी उठून साबणानं कोपरापर्यंत हात धूत आणि मगच घेत. एवढं धुवायची आता गरज नाही, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

रिपोर्ट आले. लेकीच्या रक्तात शिसं निघालं, पण औषध द्यावं लागेल त्याच्या बरंच खाली. शून्य असतं तर उत्तम, पण हे पुढे वाढलं नाही तर आपोआप उतरेल, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. पालेभाज्या, नाचणी, दूध, खाण्याआधी हात धुणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. दुसरा कागद त्यांनी थोडा वेळ हातातच ठेवला. बाबांचा आकडा लेकीच्या कितीतरी पट होता. काम सोडून इतकी वर्षं झाली, तरी हाडांत साठलेलं सावकाश बाहेर येत राहतं, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि मोठ्या माणसांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना बाबा म्हणाले, "आमच्या कारखान्यात एक होता. माह्याच वयाचा. पोटात मुरडा यायचा त्याले, अन मंग एक दिवस मनगटच उचलेना. ब्रश धरता येईना. आमी म्हणो, हवा लागली."

"त्याचं काय झालं?"

"गावी गेला. मंग नाई दिसला."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझी काळजी लेकीकडून वळली. डब्यांमागची अक्षरं वाचण्यात मी वर्ष घालवलं. ज्या माणसानं जन्मभर तेच उघड्या हातांनी कालवलं त्याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आणि त्याच रंगाची माझ्या पाटीची चौकट मी पण चावत असे, हे आठवलं. माझं रक्त मी अजून तपासलेलं नाही. तपासेन म्हणते आणि राहून जातं.

पुढच्या महिन्यात आम्ही अकोल्याला जाऊन मागच्या खोलीतले डबे काढले. एका शेजाऱ्याला फाटकासाठी ते हवे होते, बाबांनी स्वतःच त्याला नाही म्हटलं. घंटागाडीवाल्यानं डबे घ्यायला नकार दिला. शेवटी मी ते आणि गाड्याची पिशवी कॉलेजात आणून ठेवली. प्रयोगशाळेतली निकामी रसायनं नेणारी माणसं वर्षातून एकदा येतात, त्यांच्यासोबत सगळं गेलं. पाटांवर आता बाबा कुणाला बसू देत नाहीत.

लेक गाड्याविनाच चालायला शिकली, बाबांची बोटं धरून. तीन महिन्यांनी तिचा आकडा खाली आला. बाबांचाही आला, थोडासा. ते डॉक्टरांकडे नेमानं जातात.

परवा त्यांचा फोन आला. सकाळी ते बॉडी बांधणाऱ्या एका दुसऱ्या कारखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांच्या ओळखीचं कुणी नाही. रंगाऱ्यांना एकत्र बोलावून सांगितलं म्हणे, की जेवायच्या आधी साबणानं हात धुवा, घासताना तोंडाले फडकं बांधा, अन कामाच्या कपड्यांनी घरी जाऊन लेकराले उचलू नका.

"ऐकलं का त्यायनं?" मी विचारलं.

"दोघायनं ऐकलं. बाकीच्यायनं चहा पाजला." मग म्हणाले, "सोमवारी आणखी जातो. साबणाच्या वड्या घेऊन जातो संगं."