झांजा न मानणारा

चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून हेवी मेटल मनापासून ऐकणारे आम्ही चौघे होतो. आणखी असतीलही, पण आम्हाला सापडले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्ही फार शोधलेही नाहीत. चौघांतच इतके पंथ झाले होते की पाचव्याला बसायला स्टूल मिळालं असतं, मत मांडायला जागा मिळाली नसती.

मी बल्लारपूरला स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते आणि डेथ मेटल ऐकते. तेल लावून घट्ट वेणी, सुती ड्रेस, आणि कानात घशाच्या तळातून गुरगुरणारा माणूस. माझ्या आईच्या मते तो माणूस आजारी आहे आणि मी त्याला बरा होऊ देत नाही.

दुसरा वाइंडिंगवाला. मोटारी आणि कूलरचे पंखे जळाले की त्यांत पुन्हा तांब्याची तार भरायचं त्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. तो थ्रॅशवाला. गाणं वेगात नसेल तर ते गाणं नादुरुस्त आहे असं तो मानतो, आणि नादुरुस्त वस्तूबद्दल त्याला आदर नाही. दुकानात त्याने स्वतः बनवलेले दोन स्पीकरचे खोके आहेत, कपाटाएवढे. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही तिथे बसतो.

तिसरे गुरुजी. मूळचे सिरोंचाचे, घरात तेलुगू. मुलचेरा तालुक्यातल्या ज्या शाळेत ते शिकवतात तिथली निम्मी मुलं घरी बंगाली बोलतात, काही गोंडी, आणि गुरुजी सगळ्यांना मराठी शिकवतात. ते ब्लॅक मेटलवाले. बर्फाच्या देशातल्या, चेहऱ्याला चुना फासलेल्या लोकांची जंगलावरची गाणी ते मे महिन्यात, पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट घालून, एस्टीच्या खिडकीत बसून ऐकत येतात. दिवसभर चार भाषांत अडकलेल्या माणसाला एक अक्षरही न कळणाऱ्या भाषेत बरं वाटत असावं. एकदा त्यांनी शाळेच्या ओसरीवर गावातल्या एका म्हाताऱ्या गोंड बाबांना तसलं गाणं ऐकवलं. बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे कोनत्या देवाचं आहे?" गुरुजी म्हणाले, कोणत्याच नाही. "मंग येवढा कोनाले हाका मारून राह्यला?" असं म्हणून बाबा मोह वेचायला निघून गेले. त्या प्रश्नावर गुरुजींनी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सात परिच्छेद लिहिले होते.

आणि चौथे भाऊ. वय पन्नाशीपार, आमच्यात सगळ्यांत मोठे. कोळशाच्या उघड्या खाणीत ते ड्रिल मशीन चालवतात, सुरुंगासाठी खडकात भोकं पाडायचं. मेटल त्यांना तरुणपणी कुण्या ट्रकवाल्याने विसरलेल्या कॅसेटमधून लागलं. पूर्वी ते सगळं ऐकायचे. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र पक्के डूमवाले झाले होते. डूम म्हणजे मेटलचा सगळ्यांत संथ प्रकार. एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत चहा टाकून गाळून घ्यावा.

आमचा रविवारचा रिवाज असा: एकाने काही न सांगता गाणं लावायचं, बाकीच्यांनी ते कोणत्या प्रकारातलं ते कागदावर लिहायचं, आणि मग जे लिहिलंय त्यावरून भांडायचं. कागद म्हणजे मोटारीत तारेखाली घालतात तो जाड पिवळा. भांडण साधारण संध्याकाळी गुरुजींची बस निघेपर्यंत चालायचं. शिवीगाळ व्हायची नाही, पण "तुमचा कान कच्चा आहे" हे वाक्य आमच्यात शिवीपेक्षा जड होतं.

भाऊंनी हळूहळू या रिवाजाची वाट लावली. डूम असेल तर ते स्पीकरच्या खोक्यावर मांडी घालून बसत, डोळे मिटत, आणि गाणं संपल्यावर बारीकसारीक बोलत. बाकी कोणतंही गाणं असलं की त्यांच्या कागदावर एकच शब्द: "कचरा". वाइंडिंगवाल्याचं लाडकं थ्रॅशचं गाणं लागलं तेव्हा म्हणाले, "हे सारं एकच आहे. मुरमावरून पोतं ओढल्यावानी."

"भाऊ, आणि त्या झांजा?" वाइंडिंगवाला दुखावून म्हणाला. "पूरी जान झांजात आहे त्याच्या."

"झांजा? कोनत्या झांजा?" भाऊ म्हणाले. "यात झांजाच नाई."

त्या गाण्यात ड्रमवाला पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत झांजा बडवत होता, स्टीलचं कपाट जिन्यावरून सोडल्यासारखा.

आता कोणत्याही शहाण्या माणसाला या जागी एक साधी शंका आली असती. आम्ही शहाणे नव्हतो, आम्ही रसिक होतो. आम्हाला वाटलं, भाऊंनी नवीन मत काढलं. गुरुजी तर बस चुकवून बसले. त्यांच्या मते भाऊंचं म्हणणं असं होतं की झांज ही मेटलमधली बाहेरची, दिखाऊ गोष्ट आहे, आणि खरा रसिक तिचं अस्तित्वच मान्य करत नाही. हा विचार त्यांना चूक पण खोल वाटला. त्या आठवड्यात त्यांनी ग्रुपवर "झांजेच्या बाजूने" नावाचं लांबलचक उत्तर टाकलं. मी त्याला पुरवणी जोडली. वाइंडिंगवाल्याने तीन व्हॉइस मेसेज पाठवले. भाऊंनी फक्त लिहिलं, "नाई म्हनजे नाई." ते वाचून गुरुजी म्हणाले, बघा, किती ठाम भूमिका आहे.

पुढच्या रविवारी भाऊंनी माझ्या डेथ मेटलमध्ये गिटारचा सोलोच नाही असं सांगितलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. तो सोलो मी दोनशे वेळा ऐकला असेल. मी तिथल्या तिथे म्हटलं की ज्याला काही मानायचंच नाही त्याने रविवारी घरी झोपावं. घरी जाऊन मी ग्रुपवर ठराव टाकला: भाऊंना काढावं. गुरुजींनी अनुमोदन दिलं, चार कारणांसह. वाइंडिंगवाल्याने दोन रविवारांची मुदत मागितली. तो म्हणाला, "मॅडम, माणूस चांगला आहे. मत खराब आहे. माणूस ठेवून मत काढता नाई येत का?"

भाऊंनी ठराव वाचला, त्याखाली वर केलेला अंगठा टाकला, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन शटर उघडायची वाट पाहत बसले. मला तो निर्लज्जपणा वाटला. आज लिहिताना लाज मला वाटते.

त्या मुदतीतल्याच एका मंगळवारी माझ्या खिडकीचा माइक बंद पडला. आमची काच जाड. माइक नसला की मी आतून ओरडायचं, माणसांनी बाहेरून ओरडायचं, आणि काझीपेटचं तिकीट मागणाऱ्याला काटोलचं द्यायची वेळ यायची. रांगेतला प्रत्येक जण काचेला कान लावून "काय? काय म्हटलं?" करत होता. गळा बसल्यामुळे मी शेवटी नुसतंच पुटपुटायला लागले होते. तेवढ्यात भाऊ पुढे आले.

"नागपूर, एक," ते म्हणाले.

"काऊन जाता नागपूरले? ड्युटी नाई का आज?" मी सवयीने विचारलं, जवळपास आवाज न काढता.

"सुट्टी टाकली. जरासं काम आहे दवाखान्यात," भाऊंनी लगेच सांगितलं.

मागचा माणूस वैतागून म्हणाला, "मॅडम, माइक लावा ना, काईच आयकू नाई येऊन राह्यलं." भाऊंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.

मी तिकीट दिलं. वर्षानुवर्षं काचेआड बसून मला एक गोष्ट नक्की कळते: ज्यांना ऐकू येतं ते माझ्या डोळ्यांकडे बघतात, ज्यांना येत नाही ते तोंडाकडे. म्हातारे, लहानपणापासून बहिरे, आजारातून उठलेले, सगळे मी पहिल्या वाक्याला ओळखते. आणि हा माणूस दर रविवारी माझ्यापासून चार हातांवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, तर मी त्याचा अर्थ लावला होता की तो उद्धट आहे.

संध्याकाळी त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला. माझं नाव ऐकून त्या रडायलाच लागल्या. चार वर्षं झाली होती. आधी कुकरची शिट्टी गेली, मग मोबाईलची रिंग, मग पोरीचा आवाज. बारीक, टोकदार तेवढं सगळं गेलं; जाडाभरडा आवाज अजून येत होता. खाणीत कानाची तपासणी व्हायची होती, आणि त्यात सापडले तर भाऊ मशीनवरून उतरून कुठल्यातरी टेबलाशी बसणार होते. म्हणून आधी नागपूरला गुपचूप दाखवायचं. "कोनाले सांगू नका ताई," त्या म्हणाल्या. मी शब्द दिला, आणि तासाभरात वाइंडिंगवाल्याला आणि गुरुजींना सांगितलं.

ठराव मागे घेतला. कारण लिहिलं नाही. आणि मग आम्ही तिघांनी जे केलं ते ठरावापेक्षा वाईट होतं, आम्ही चांगले वागायला लागलो.

पुढच्या रविवारी वाइंडिंगवाल्याने सगळं डूमच लावलं. थ्रॅशवाला माणूस, पण ते संथ गाणं ऐकताना पोटात दुखत असल्यासारखा हसत होता. भाऊ म्हणाले, हे फार भारी आहे. आम्ही म्हटलं, फारच. भाऊ म्हणाले, पन शेवट पातळ आहे. आम्ही म्हटलं, पातळच आहे. गुरुजी, ज्यांनी आयुष्यात कुणाचं अर्धं वाक्य वादाशिवाय जाऊ दिलं नव्हतं, ते नुसती मान हलवत होते. आम्ही मोठ्याने आणि तोंड उघडून बोलत होतो, तान्ह्या बाळाशी बोलतात तसं. त्या दिवशी गुरुजींना आधीची बस मिळाली.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी भाऊ उशिरा आले, खोक्यावर बसले नाहीत, आणि म्हणाले, आज मी लावतो. त्यांनी आपला फोन जोडला.

आमच्या चौघांचं एका गोष्टीवर कधीच दुमत नव्हतं: केस फुगवून, घट्ट चमकी पँट घालून म्हटलेलं ग्लॅम हे मेटल नाही. भाऊंनी त्यातलंच लावलं, आणि त्यातलंही सगळ्यांत गुळमट प्रेमगीत. पियानो होता. मध्येच तो गाणारा रडकुंडीला येत होता. गाणं संपलं तेव्हा भाऊ एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "डूम म्हनतात ते असं. याच्यापुढं सारं पानी आहे."

वाइंडिंगवाला म्हणाला, "बिल्कुल, भाऊ." गुरुजींनी मान हलवली. मी म्हटलं, "वजन आहे गाण्यात."

भाऊंनी फोनची वायर काढली.

"पोरीले विचारून शोधलं हे," ते म्हणाले. "म्हटलं, जगात सगळ्यात फालतू कोनतं आहे ते लावून दे. गुरुजीच्या बसच्या ड्रायव्हरलेबी कळलं असतं, हे डूम नाई." मग माझ्याकडे वळले. "ताई, माह्या कानाचं तुमी सांगतलं न यायले."

मी हो म्हटलं.

"घरी बायको हातानं बोलते आता. पोरगी बोलतच नाई, लिहून दाखवते. खानीत कोनी काई म्हटलं का मी हो म्हनतो, ते हो म्हनतात, काम चालते." त्यांचा आवाज चढला होता, तो किती चढलाय हे त्यांना कळत नव्हतं. "इथी येत होतो कारन इथी मले कोनी सोडत नव्हतं. तुमी मले काढाले निंगाले होते न? म्या बायकोले वाचून दाखवला तो ठराव. म्हटलं, पाय, गुरुजीनं चार कारनं लिवली माह्यासाठी. आन् आता तुमी सारे मान हलवून राह्यले. काढून टाकाचं असन तं असं काढता का?"

मला रडू येत होतं आणि रडणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं, म्हणून मी खाली बघितलं. वाइंडिंगवाला हातातला पेचकस उगाच पुसत बसला.

मग गुरुजी उठले. काळ्या शर्टाच्या बाह्या त्यांनी वर केल्या, जे मी मे महिन्यातही पाहिलं नव्हतं. ते दयेने उठले होते की तीन रविवार तुंबलेल्या वादाने, मला सांगता येणार नाही.

"कादु," ते म्हणाले. रागावले की त्यांचं 'नाही' तेलुगूतून येतं. "ग्लॅमचं सोडा. मी खऱ्या डूमबद्दल बोलतो. डूम हे आळशी लोकांचं संगीत आहे. ज्यांना वाजवता येत नाही ते हळू वाजवतात आणि त्याला दुःख म्हणतात. आणि झांजांबद्दल तुम्ही जे बोललात ते तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून बरोबर ठरत नाही."

गुरुजी बोलण्याच्या भरात अर्धे भिंतीकडे वळले होते. भाऊंनी स्टूल ओढलं, त्यांच्या समोर आणून ठेवलं आणि बसले. चार वर्षांत त्यांनी आमच्यापुढे कुणाला कधी 'काय म्हटलं' असं विचारलं नव्हतं.

"अर्धंच समजलं, गुरुजी," ते म्हणाले. "इकडं तोंड करा. पह्यल्यापासून सांगा."

गुरुजींनी तोंड त्यांच्याकडे केलं, आणि तो सगळा अपमान पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सावकाश, शेवटपर्यंत सांगितला.